खिडकीच्या वरची भिंत

५ फेब्रुवारी

आप्पा,

फोन वाजला की तुम्ही तो आईच्या हातात देऊन अंगणात निघून जाता, म्हणून पत्र लिहितेय. आई म्हणाली, "लिही तू. वाचतील. मोठ्यानं नाही वाचणार, पण वाचतील." तेवढ्यावर हे धाडस.

तुम्ही माझ्याशी बोलायचं थांबलात त्याला येत्या पावसाळ्यात पाच वर्षं होतील. मी वास्तुकलेला जाते म्हटल्यावर "कागदवाल्यांत चाललीस, बरं आहे," एवढं म्हणून तुम्ही थापी धुवायला घेतली होती. मी रागानं बॅग भरली, आणि बसमध्ये बसल्यावर कळलं की चपला वेगवेगळ्या जोडांतल्या घातल्यात. हे मी अजून आईलाही सांगितलेलं नाही.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. आज तुमचे आभार मानायचेत, आणि तुम्ही समोर असतात तर मानू दिले नसते.

आमच्या वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला एक खरं काम मिळालंय. नदीकाठची एकोणीस घरांची वस्ती आहे. नदी दरवर्षी काठ खात खात त्यांच्या दारापर्यंत आलीय. त्यांना वरच्या माळावर न्यायचंय. एक संस्था खर्च करणार, आणि आराखडा आमचा. घरं मातीची, म्हणजे न भाजलेल्या, यंत्रात दाबलेल्या विटांची. छपरावरचं पाणी टाकीत, सांडपाणी गाळून भाजीच्या वाफ्यांना, जुनं एकही झाड तोडायचं नाही. या सत्रात आधी एकच नमुन्याचं घर बांधायचं. ते वस्तीला पसंत पडलं तर बाकीची अठरा तशीच होतील. नाही पडलं तर संस्था तयार पत्र्याच्या खोल्या आणून ठेवणार, ज्यांत उन्हाळ्यात माणूस भाजून निघतो. माझी पदवीही त्याच घरावर अवलंबून आहे. आराखडा माझा निवडला. (हे वाक्य तुम्ही दोनदा वाचलं तरी चालेल.)

तर आज पहिल्याच दिवशी सरांनी माळावर विचारलं, यंत्राशिवाय माती कशी ओळखाल? सगळे वह्या उघडून उभे. मी खाली बसले, मूठभर माती भिजवली, बोटाएवढ्या जाडीची वळी केली आणि तळहातावरून हवेत सोडत नेली. चार बोटांवर तुटली. मी म्हटलं, चांगली आहे, बांधता येईल. लगेच तुटली असती तर रेताड, आणि वीतभर लोंबकळत राहिली असती तर चिकण, वाळताना भेगाळणार. सर म्हणाले, "हे कुठं शिकलीस?"

मी सात वर्षांची असताना तुमच्या कामावर दुपारभर वळ्या करत बसायचे. तुम्हाला वाटायचं पोरगी खेळतेय, मलाही तसंच वाटायचं. आज बारा जणांनी माझ्याकडून ते शिकून घेतलं. आप्पा, खूप आभार.

तुमची टकळी
(बडबड अजून तशीच आहे.)


२६ फेब्रुवारी

आप्पा,

आई म्हणाली, पत्र पोचलं, आणि तुम्ही ते वाचून घडी घालून ठेवलंत. फेकलं नाहीत, म्हणजे दुसरं लिहायला हरकत नाही.

काम जोरात आहे. मी रोज सकाळी सहाच्या बसनं माळावर जाते. वस्तीतल्या सगळ्यांत वयस्कर आजी रोज येऊन आमच्या कामाची तपासणी करतात. घरांच्या मधे मी एक मोकळी जागा ठेवलीय आणि नकाशावर तिला झोकात 'सामूहिक अवकाश' असं नाव दिलंय. आजींनी विचारलं, "हे काय?" मी पाच मिनिटं समजावून सांगितलं. आजी म्हणाल्या, "हां, म्हणजे कपडे धुवायची जागा. मग दगड कुठं ठेवलायस?" दगड नव्हता. आता आहे, आणि त्याच्यापासून वाफ्यांपर्यंत चरही काढलाय. पाच वर्षं शिकून जे सुचलं नाही ते त्यांनी एका प्रश्नात दाखवून दिलं.

आमचे मिस्त्री तुमच्याच वयाचे. बोलणं कमी, खांद्यावर पंचा, आणि भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा लावताना तुमच्यासारखाच एक डोळा मिटून तोंड थोडं उघडं ठेवतात. पहिल्या दिवशी मी बघतच राहिले. त्यांना वाटलं मी काम तपासतेय, म्हणून त्यांनी तीनदा ओळंबा लावला.

एक गोष्ट मात्र माझी स्वतःची आहे आणि तिचं कॉलेजात फार कौतुक झालं. टाकीसाठी खड्डा खणावाच लागणार होता. मी म्हटलं, त्यातून निघालेल्या मातीच्याच विटा पाडू. बाहेरून एक गाडीही माती आणायची नाही. 'जी खणली, तीच भिंतीत' असं मी माझ्या मोठ्या तक्त्यावर सगळ्यांत वर लिहिलंय. परीक्षकांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले.

मिस्त्रींना सारख्या शंका. परवा खड्ड्यातून वर आले आणि म्हणाले, "ताई, कमरेच्या खाली माती बदललीय." मी त्यांना माझी बरणी दाखवली. काचेच्या बरणीत माती आणि पाणी हलवून ठेवायचं, मग वाळू खाली, गाळ मधे आणि चिकणमाती वर अशी बसते. पट्टी लावून प्रमाण मोजायचं. माझ्या बरणीत अगदी पुस्तकात असावं तसं आलंय. त्यांनी बरणीकडे बघितलं, म्हणाले, "बरणी बरोबर असेल," आणि परत खाली उतरले. तुमची माणसं सगळी एकाच साच्यातली!

भिंत खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत आलीय. ती वर चढताना बघून मला रोज तुमची आठवण येते. भिंतीला घाई सांगू नये, असं तुम्ही म्हणायचात. सांगत नाहीये.

गुडघा कसा आहे?

टकळी


१७ मार्च

आप्पा,

या वेळी उशीर झाला. थोडी धावपळ होती.

इकडे ऊन चढलंय. आजींनी मला त्यांची जुनी छत्री दिलीय, तिच्या दोन काड्या मोडक्या आहेत, त्यामुळे मला एकाच बाजूनं सावली मिळते. माझा एक गाल काळा पडलाय आणि एक गोरा राहिलाय. आईला सांगू नका.

भाजीचे वाफे छान झालेत. सांडपाणी गाळायला खडी आणि लव्हाळ्याचा जो टप्पा केला त्यातून पाणी स्वच्छ येतं. सरांनी हात घालून वास घेऊन बघितला, सगळे हसले.

घराला थोडी अडचण आली. खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरकी भेग गेलीय, एका जागी बोट जाईल एवढी. संस्थेची माणसं येऊन बघून गेली, अहवाल मागितला, तो मी दिला. कारागिराकडून मिश्रणात वाळू कमी पडली असावी, असं त्यात लिहिलंय. नवीन मिस्त्री बघणं चालू आहे. वस्तीची बैठक त्यामुळे पुढे गेलीय, दोन एप्रिलला आहे. त्यात ते मातीचं घर हवं की पत्र्याच्या खोल्या हे ठरवतील. बघू काय होतं.

तुमच्या गुडघ्याला शेकायला आईला वेळ मिळत नसेल तर तुम्ही स्वतः शेकत जा. मामा सांगत होता तुम्ही पुन्हा शिडीवर चढलात. या वयात शिडी कशाला? माझी परीक्षा झाली की मी येईन म्हणते, तुम्ही बोला किंवा बोलू नका.

टकळी


३१ मार्च

आप्पा,

आईचा फोन आला होता. म्हणाली, "तुझं पत्र वाचता वाचता ते जेवणावरून उठले. काय लिहिलं होतंस गं?" मी म्हटलं, काही नाही, उन्हाबद्दल होतं.

मला माहीत आहे कुठल्या ओळीवर उठलात. पत्र टाकताना पेटीपाशी मी दोन मिनिटं उभी होते. ती ओळ मी छत्री आणि गुडघा यांच्यामधे लपवली होती, की तुमच्या नजरेतून सुटेल. तुम्ही ओठ हलवत एकेक अक्षर वाचता, तुमच्या नजरेतून काय सुटणार!

आता सगळं सांगते. मधे थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका बैठकीत.

वाळू कमी पडली नव्हती. मिस्त्री घमेल्यानं मोजून वाळू घालत होते, मी रोज बघत होते. माती बदलली होती. माझी बरणी खड्ड्याच्या वरच्या फूटभर मातीची होती, कारण मी नमुना घेतला तेव्हा खड्डा तेवढाच होता. खाली चिकणमाती लागली, आणि मी नवीन नमुना घेतलाच नाही. घेतला असता आणि वेगळं निघालं असतं तर 'जी खणली, तीच भिंतीत' हे तक्त्यावरून पुसावं लागलं असतं. त्या तक्त्यासमोर लोकांनी फोटो काढले होते.

मिस्त्री "माती बदललीय" म्हणाले त्या दिवसाचं मी तुम्हाला अर्धंच लिहिलं. बरणी दाखवायच्या आधी त्यांनी माझ्यासमोर वळी केली होती. तळहातावरून पुढे सोडली. ती लोंबकळत राहिली, आप्पा. पूर्ण वीतभर. त्यांनी ती माझ्या हातात दिली. माझ्या हाताला लगेच कळलं. सात वर्षांची असल्यापासून कळतंय, ते तेव्हा कसं कळणार नाही? तरी मी ती चुरून खाली टाकली आणि बरणी पुढे केली.

भिंत बघितली तर आंधळ्यालाही समजेल. खिडकीच्या उंबऱ्यापर्यंतच्या विटा वरच्या मातीच्या, तिथे केसाएवढीही भेग नाही. उंबऱ्याच्या वरच्या विटा खालच्या मातीच्या, आणि भेग बरोबर तिथून सुरू होते. संस्थेच्या माणसांना कळलं नाही कारण ते गाडीतून उतरून भेगेचाच फोटो काढून गेले.

मग अहवाल. संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचा होता. मी कॉलेजच्या वाचनालयात बसून लिहिला. 'कारण' या रकान्यात मला वाटलं होतं की फार विचार करावा लागेल. काही लागला नाही. अर्धी ओळ, ती लिहून मी चहा प्यायला गेले. दुसऱ्या दिवशी संस्थेनं मिस्त्रींना काढलं, आणि ते आपली थापी, ओळंबा, पातळी बघायची पाण्याची नळी पंच्यात बांधून निघून गेले. जाताना म्हणाले, "ताई, वरच्या थरांवर ओली पोती टाकून ठेवा, हळू वाळलं म्हणजे भेग वाढणार नाही." मला वाटतं ते ओरडले असते तर मी तेव्हाच कबूल केलं असतं.

आता जे मी कधीच तुमच्याशी बोलले नाही ते. मी दहा वर्षांची होते. तुम्ही बांधलेल्या शाळेच्या व्हरांड्याचा स्लॅब सुट्टीच्या दिवशी खाली आला. दोन खांबांमधलं अंतर कागदावरच चुकलं होतं आणि तुम्ही ते आराखडा काढणाऱ्या साहेबांना सांगितलं होतं, हे मी तुमच्या शेजारी उभी राहून ऐकलं होतं. अहवालात 'गवंड्याचा हलगर्जीपणा' आला. त्यानंतर घर बांधायला तुम्हाला कुणी बोलावलं नाही. गोठे आणि गळकी छपरं, एवढंच काम उरलं. मला आठवतंय, आपण शाळेवरून जाताना तुम्ही रस्त्याची दुसरी बाजू धरायचात.

मला इतकी वर्षं वाटायचं की तो साहेब राक्षस असला पाहिजे. आणि मी चांगली आर्किटेक्ट होईन, त्याच्यासारखी होणार नाही, हे तुम्हाला दाखवायचं होतं. म्हणून तर तुमचा शब्द मोडून इथे आले. आता मला माहीत आहे तो कसा होता. साधा माणूस असणार. पाचपर्यंत अहवाल द्यायचा असणार.

अजून एक. सरांनी "कुठं शिकलीस" विचारलं तेव्हा मी "घरी" म्हटलं होतं. 'माझे वडील गवंडी आहेत' असं म्हटलं नव्हतं. तेही अर्धंच.

परवा बैठक आहे. त्यात मी उठून सांगणार आहे. सांगितल्यावर वस्ती मातीचं घर नको म्हणेल आणि एकोणीस घरांना पत्रा मिळेल, या भीतीनं मी इतके दिवस गप्प राहिले असं मी स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. माझी पदवी जाईल, ही भीती होती.

तुम्ही मला काहीही न बोलता एवढी वर्षं शिकवत आलात, त्याबद्दल आभार मानायची आज लाज वाटते. तरी मानते. हात खोटं बोलत नाही, तो तुम्ही तयार केलाय म्हणून.

टकळी


३ एप्रिल

आप्पा,

मागचं पत्र तुम्हाला मिळालं असेल-नसेल. हे त्याच्या मागोमाग येतंय, म्हणून आधी ते वाचा.

काल बैठक झाली. वडाखाली चटया टाकल्या होत्या, संस्थेच्या दोघांना खुर्च्या. मी उठले आणि सगळ्यांना भिंतीपाशी घेऊन गेले. उंबऱ्याखालची वीट दाखवली, वरची दाखवली. खड्ड्याच्या तळातली माती भिजवून वळी केली आणि लोंबकळती धरून ठेवली. म्हटलं, मिस्त्रींनी मला हे आधीच दाखवलं होतं. मी ऐकलं नाही, आणि अहवालात त्यांचं नाव पुढे केलं. चूक माझी.

संस्थेच्या मोठ्या साहेबांनी सरांकडे बघितलं, सरांनी माझ्याकडे. एक तरुण गृहस्थ, ज्यांना पहिल्यापासून पत्राच हवा होता, ते म्हणाले, "झालं! मी सांगत नव्हतो, मातीत पडू नका?" त्यांच्या मागून आजी ओरडल्या, "तुझ्या पत्र्याचा चुकीचा खिळा कुणी कबूल केलाय का आजवर? बस खाली!"

मग दोन तास नुसता गोंधळ. सगळं लिहीत बसत नाही. ठरलं ते असं: खिडकीच्या वरची भिंत उतरवायची. खालच्या मातीत वाळू वाढवून नव्या विटा पाडायच्या, आणि प्रमाण मिस्त्री ठरवतील. एक पावसाळा ती भिंत उभी राहिली तर बाकीची अठरा घरं मातीची. तोवर पत्रा आणायचा नाही. संस्थेनं नाक मुरडत का होईना, सही केली. तो अहवाल परत घेतला, आणि नवा मी तिथेच चटईवर बसून लिहिला. या वेळी 'कारण' रकान्यात जागा पुरली नाही, मागच्या पानावर जावं लागलं.

माझं वर्ष गेलं. सर म्हणाले, "खोटा अहवाल दिलास, मी पास करू शकत नाही. पुढच्या वर्षी याच घरावर पुन्हा ये." चिडून नाही म्हणाले. जाताना त्यांनी विचारलं, "ती वळी खरंच कुठं शिकलीस?" मी सांगितलं, माझे वडील गवंडी आहेत. ते म्हणाले, "हे आधी सांगितलं असतंस तर तुझ्या बरणीपेक्षा मी त्यांनाच बोलावलं असतं."

आईला वर्षाचं तुम्हीच सांगा. माझी हिंमत नाही.

बैठक उठल्यावर मी तशीच मिस्त्रींच्या घरी गेले. कौलांच्या भट्टीच्या मागे दोन खोल्या आहेत. ते दारात बसून चाळणीची जाळी विणत होते. मी उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं, कारण बसले असते तर रडले असते. माफी मागितली. उद्यापासून कामावर या म्हटलं. त्यांनी जाळी बाजूला ठेवली आणि आत हाक मारली, "अगं, चहा टाक. आली ती."

मी विचारलं, "म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

मग त्यांनी सांगितलं.

बावीस मार्चला तुम्ही इथे आला होतात. पाच तास बसनं, त्या गुडघ्यानं. आधी माळावर गेलात, मी कॉलेजात असताना. भिंत बघितलीत. मग विचारत विचारत मिस्त्रींच्या दारात आलात आणि म्हणालात, "त्या भिंतीचा आराखडा काढणारी माझी मुलगी आहे. माती बदलली, हे तुम्ही तिला सांगितलं होतं ना?" ते हो म्हणाले. तुम्ही हात जोडलेत. मिस्त्री म्हणाले, "चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, पण कागदवाल्यांच्या बाजूनं कुणी माझ्या दारात हात जोडून उभं राहील असं वाटलं नव्हतं." ते संस्थेकडे तक्रार घेऊन निघणारच होते. तुम्ही त्यांना म्हणालात, "तुमचा हक्क आहे, मी अडवत नाही. पण आठ दिवस थांबा. तिला कळतंय. ती स्वतः येऊन सांगेल."

आप्पा, माझ्याशी बोलायला तुमच्याकडे पाच वर्षं शब्द नव्हता, आणि माझ्यासाठी दुसऱ्याच्या दारात शब्द टाकलात. माझ्या पत्रात तेव्हा नुसती अर्धी खोटी ओळ होती. तेवढ्यावरून तुम्ही भिंत ओळखलीत, मला ओळखलंत, आणि तरीही म्हणालात, ती सांगेल. माझं मला तोवर माहीत नव्हतं.

मी बोटांवर दिवस मोजले आणि मिस्त्रींना म्हटलं, "आठ कुठं? आज अकरावा दिवस आहे. तुम्ही थांबलात कसे?"

ते हसले. म्हणाले, "आठ झाले तेव्हा बायको म्हणाली, गेले आठ, आता निघा. मी तिला म्हटलं, शब्द कुणी दिलाय ते बघ. गवंड्यानं आठ दिवस सांगितले की बारा धरायचे असतात."

म्हणजे मी एक दिवस आधीच पोचले, आप्पा.

तुमची टकळी